जेवून येतो

"माउस टेबलावर ठेवा, काकू. हवेत धरून चालत नाही."

पलीकडून काहीतरी टेकल्याचा आवाज आला. "ठेवला. आणि मी तुमची काकू नाही."

"बरं. आता तो हळूच सरकवा. पडद्यावर एक बाण हलतोय का?"

"हलतोय."

"मग आता हाताकडे बघू नका. बाणाकडे बघा."

रविवारी दुपारचे अडीच वाजले होते. मी आमच्या जेवणाच्या टेबलाशी कानाला फोन लावून, डोळे मिटून बसले होते. त्या बाई दुसऱ्या कुठल्या तरी शहरात, वारलेल्या नवऱ्याच्या खोलीत, त्याच्याच खुर्चीत बसल्या होत्या. आम्ही एकमेकींना कधी पाहिलेलं नव्हतं. पाच वाजता त्यांचा पुतण्या येणार होता, तो कॉम्प्युटर आपल्या ऑफिसात नेणार होता आणि नेण्याआधी आतलं सगळं पुसून टाकणार होता. त्या सगळ्यात एक फाइल होती आणि ती मला हवी होती. बाईंना हवं होतं एका प्रश्नाचं उत्तर. तो त्यांनी फोन लागल्या लागल्या, नमस्कारचमत्कार न करता विचारला होता: माझ्या नवऱ्याची रोज सात वाजता वाट बघणारी तुम्ही कोण?

डोळे मिटून का, ते सांगते. मी एका विमा कंपनीच्या हेल्पडेस्कवर आहे. पंधरा वर्षं झाली. शाखाशाखांतले कारकून फोन करतात, कुणाचा प्रिंटर रुसलेला असतो, कुणी पासवर्ड विसरलेलं असतं, कुणाच्या पडद्यावरून अख्खी खिडकीच गायब झालेली असते. मी जागेवरून न उठता ते दुरुस्त करते. आमच्याकडे याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. म्हणोत बापडे, मला त्या शेळ्या दिसतात. माणूस बोलता बोलता किती थांबला, क्लिकचा आवाज एकदा आला की दोनदा, यावरून त्याच्यासमोर काय उघडलंय ते मला कळतं. डोळे उघडे असले तर माझाच पडदा मध्ये येतो. या कामात माझा हात धरेल असं आमच्या मजल्यावर कुणी नाही. हे मी तोऱ्यात सांगतेय असं वाटेल, तर वाटू दे, खरंच आहे ते.

ही दिवसाची नोकरी. संध्याकाळी सातनंतर माझं नाव घड्याळ.

बावीस वर्षांची असताना माझ्या खोलीवरच्या मैत्रिणीने कुठून तरी एक सीडी आणली होती. जपानी अ‍ॅनिमे. मी कार्टून म्हणून नाक मुरडत बघायला बसले आणि तीन तासांनी उठले तेव्हा डोळे सुजलेले होते. त्यानंतर आजतागायत मी त्यातून बाहेर आलेले नाही आणि यायचा विचारही नाही. नवरा त्या पात्रांना 'तुझे मोठ्या डोळ्यांचे नातेवाईक' म्हणतो. लग्न ठरतानाच मी त्याला सांगितलं होतं, की मला माहेरं दोन आहेत, एक आईकडचं आणि एक इंटरनेटवरचं. तो हसला होता. त्याला वाटलं, लग्नानंतर सुटेल.

ते दुसरं माहेर म्हणजे कट्टा. ज्या मालिका आपल्याकडे कुणी आणतच नाही, त्यांना आपल्या भाषेतल्या ओळी घालून एकमेकांना देणाऱ्या वेड्यांची ही जागा. अडीच हजार माणसं आहेत. काम मात्र चौघंच करायचो. मास्तर जपानीतून भाषांतर करायचे. मी प्रत्येक ओळीची वेळ लावायची. चष्मा शुद्धलेखन बघायचा. लोहार शेवटी ओळी आणि चित्र एकत्र ठोकून द्यायचा. कट्ट्याचा नियम एकच, नाव-गाव विचारायचं नाही. एरवी आपल्या लोकांना नाव कळलं की आडनाव, आडनाव कळलं की गाव, आणि गाव कळलं की आत्या कुठे दिली इथपर्यंत पोचल्याशिवाय चैन पडत नाही. कट्ट्यावर ही कटकट नव्हती. बारा वर्षांत मला मास्तरांबद्दल एवढंच माहीत होतं, की ते शब्दाला हटून बसतात आणि साडेआठला जेवतात. निवृत्त शिक्षक असणार, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

वेळ लावणं म्हणजे काय, तर पात्राने तोंड उघडलं की त्या क्षणी ओळ उमटली पाहिजे आणि आवाज थांबल्यावर अर्ध्या सेकंदात गेली पाहिजे. आधी आली तर विनोद फुटतो. उशिरा आली तर वरातीमागून घोडं. प्रेक्षकाला मी आहे हे कधीच कळता कामा नये, आणि कळत नाही, यातच माझी शान आहे. फक्त एकदा कळलं.

आमची सगळ्यांत मोठी मालिका होती, तिला आम्ही नुसतं 'होडी' म्हणायचो. एक नदी, एक नावाडी, त्याची मुलगी. एकशे चार भाग. कुणी खलनायक नाही, मारामारी नाही, माणसं या काठावरून त्या काठावर जातात आणि जाता जाता बोलतात. मास्तर या मालिकेच्या प्रेमातच होते. सहा वर्षं आम्ही ती करत होतो.

मास्तरांची एक सवय होती. भाषांतर करताना काही सांगायचं असलं की ते त्या ओळीखालीच माझ्यासाठी चिठ्ठी लिहायचे. आमच्या प्रोग्राममध्ये ओळीवर 'टिप्पणी' अशी खूण केली की ती फाइलमध्ये राहते, पण पडद्यावर उमटत नाही. 'घड्याळ, इथे नदी मोठी आहे, ओळ जरा लांबव.' 'घड्याळ, या वाक्यावर मी समाधानी नाही.' आणि साडेआठच्या सुमाराला हमखास, 'हाक आली. जेवून येतो.'

सत्ताविसाव्या भागात सगळ्या ओळी एकदम निवडून मला थोड्या मागे सरकवायच्या होत्या. त्या घाईत टिप्पणीची खूण सगळ्यांवरून निघाली आणि मी न तपासता फाइल पुढे ढकलली. त्या भागात पूर येतो. बाप होडी घेऊन गेलाय आणि परत आलेला नाही. मुलगी काठावर एकटी उभी. दीड मिनिट कुणी एक शब्द बोलत नाही, नुसतं पाणी. आणि त्या पाण्यावर, खाली मधोमध, आठ सेकंद: 'हाक आली. जेवून येतो.'

मला तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. मास्तर मात्र इतके हसले, म्हणजे तसं लिहिलं त्यांनी, की चष्म्याने आणि लोहाराने ती चूक दुरुस्तच करू दिली नाही. कट्ट्यावर ती रीतच पडली. उठताना माणूस लिहितो, 'जेवून येतो.' सकाळ असो, दुपार असो, पोट तुडुंब भरलेलं असो. उरलेले उत्तर देतात, 'या. वाट बघतो.'

दीड महिन्यापूर्वी मास्तर शेवटच्या भागावर बसले होते. साडेआठला त्यांनी लिहिलं, जेवून येतो. मी लिहिलं, या, वाट बघते. त्यानंतर त्यांच्या नावापुढचा हिरवा दिवा लागला नाही. मी रोज सातला लिहीत राहिले. सात वाजले, वाट बघतेय. आज तुमच्याशिवाय काही पुढे सरकत नाही. रागावलात का? एकदा तरी उत्तर द्या, काळजी वाटते.

एक्केचाळिसाव्या दिवशी, काल शनिवारी, दिवा लागला. मला इतका आनंद झाला की मी चांगलंच झाडलं त्यांना, कुठे होतात, माणसाने काही सांगायचं की नाही. उत्तर आलं ते असं: 'मी पुतण्या. काका वारले, सहा आठवडे झाले. हे सगळे मेसेज मी काकूंना वाचून दाखवले. काकू विचारतायत, तुम्ही कोण? मशीन मी उद्या पाचला नेणार आहे, डिलीट करून.'

मी रडले. ज्यांचं नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही, त्यांच्यासाठी भाजीचा गॅस तसाच ठेवून रडले. नवऱ्याने गॅस बंद केला आणि सगळं वाचलं. इतक्या वर्षांच्या 'वाट बघते'वर त्याची नजर फिरली तेव्हा एका क्षणात माझ्या डोक्यात उजेड पडला, की हे वाचताना त्या बाईंना काय वाटलं असेल.

"फोन नंबर दे तुझा," नवरा म्हणाला. "लिहून कुणाचं समाधान झालंय आजवर?"

बारा वर्षांत पहिल्यांदा मी नियम मोडला. नंबर दिला, आणि त्यांनी फोन केला.

मी त्यांना खरं तेच सांगितलं होतं. कार्टून, भाषांतर, ओळींची वेळ. हे शब्द माझ्याच कानाला लंगडे वाटत होते.

"कार्टून," काकू म्हणाल्या. "माझा नवरा सदुसष्ट वर्षांचा होता."

"हो."

"रोज सात वाजता दार लोटून घ्यायचे. विचारलं तर म्हणायचे, काम आहे. कार्टून बघायला कोण दार लोटून घेतं?"

"लाजत असतील."

"माझ्यापुढे? चव्वेचाळीस वर्षं झाल्यावर?"

मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका. त्या मशीनमध्ये त्यांचं काम आहे. उघडा आणि स्वतः वाचा. त्या म्हणाल्या, आधी मी वाचणार आणि मग तुम्हाला द्यायचं की नाही ते ठरवणार. मला ते बरोबरच वाटलं.

आता हलणाऱ्या बाणापाशी आम्ही पोचलो होतो. मी त्यांना पडद्यावर 'होडी' नावाचं पिवळं पाकीट शोधायला सांगितलं. सापडलं. त्यावर बाण नेऊन डावं बटण दोनदा दाबायला सांगितलं. टक्. बऱ्याच वेळाने, टक्.

"काकू, तुम्ही पाहुण्यासारखं दार वाजवताय. घाईत असल्यासारखं वाजवा."

टकटक. पाकीट उघडलं. त्यांनी आतले आकडे वाचून दाखवले, एकपासून. मी थांबवलं नाही. एकशे चारपर्यंत त्या सगळे वाचत गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, "एवढे?"

"सहा वर्षं, काकू."

"मी तुमची..." त्या म्हणाल्या आणि पुढचं राहू दिलं.

शेवटची फाइल उघडली. ओळी एकाखाली एक आल्या. काकू आधी मनात वाचत होत्या, मग हळूहळू मोठ्याने वाचू लागल्या. वाचायची त्यांना सवय नसावी, प्रत्येक पात्राला एकच आवाज होता, पण चूक एकही नाही. नावाडी म्हणतो पूल उद्यापासून सुरू होणार. कुणीतरी बाई भांडते. मध्येच त्या थांबल्या.

"इथं घड्याळ म्हणून लिहिलंय. तुम्हीच ना त्या?"

"मीच. काय लिहिलंय?"

"'घड्याळ, या बाईचा राग आपल्या शब्दांत बसत नाही. घरात विचारतो.'" पुढची ओळ वाचायला त्यांना वेळ लागला. "'घरातून उत्तर मिळालं. अंगाचा तिळपापड.'"

"हे मला विचारलं होतं त्यांनी," काकू म्हणाल्या. "मी कपडे घड्या करत होते. एखादी बाई चिडून लाल झाली तर आपण काय म्हणतो गं, असं. सारखं काही ना काही विचारायचे. मला वाटायचं, पेपरातलं कोडं सोडवतायत."

मी तेव्हा डोळे उघडले. 'होडी'तल्या ज्या शब्दांवर कट्टा फिदा होता, ज्यांवरून अडीच हजार लोक मास्तरांना डोक्यावर घेऊन नाचायचे, ते कुठून येत होते ते मला आत्ता कळत होतं. पुस्तकी माणसाला असले शब्द सुचत नाहीत असं चष्मा नेहमी म्हणायचा. काखेत कळसा होता आणि आम्ही बारा वर्षं गावाला वळसा घालत होतो. मी काकूंना ते सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला, कारण मला खरोखर आनंद झाला होता. विसाव्या भागातलं आठवलं ते म्हटलं, चाळिसाव्यातलं म्हटलं, सावकाशीने जाणाऱ्या म्हाताऱ्याला 'मुंगीला आमंत्रण देत निघालाय' कोण म्हणालं होतं ते विचारलं.

"मी," काकू म्हणाल्या. "आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांबद्दल. लिहिलं त्यांनी ते?"

"लिहिलं. लोकांना पाठ आहे ते."

"अगं बाई," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा मला त्यांच्या आवाजात त्यांचं घर ऐकू आलं. मग त्यांनी आपणहून सांगितलं, की मास्तर शिक्षक-बिक्षक काही नव्हते. विणकामाच्या गिरणीत यंत्रांचे मेकॅनिक होते. यंत्रं जपानी, त्यांची पुस्तकंही जपानी, म्हणून कंपनीने तरुणपणी चौदा महिने भाषा शिकायला पाठवलं होतं. गिरणी बंद पडल्यावर म्हणायचे, एवढी शिकलेली भाषा आता गंजून जाणार. मग एक दिवस कॉम्प्युटर घेऊन आले.

"मला बोलले असते तर मी हसले असते का?" त्यांनी विचारलं.

"हसला असता, काकू."

"हो, हसले असते," त्या म्हणाल्या. "थोडीशी."

त्या पुढे वाचू लागल्या. शेवटची फेरी. नावाड्याचे हात थकलेत, म्हणून मुलगी एकटी वल्हवते. माणसं उतरतात, निरोप घेतात. मला भाग पाठ होता, मी जपानी न कळता वीस वेळा पाहिला होता, त्यामुळे काकूंच्या वाचण्याबरोबर डोळ्यांपुढे चित्र सरकत होतं. मग त्या वाचता वाचता थांबल्या.

मी पंधरा वर्षं लोकांच्या थांबण्यावरून पडदे ओळखत आलेय. हा पडदा मला लगेच ओळखू आला आणि त्यावर काय करायचं ते मात्र सुचलं नाही.

"'हाक आली,'" काकू म्हणाल्या. "'जेवून येतो.'"

"हो."

"त्या दिवशी मी दोनदा हाक मारली होती. जेवण निवत होतं म्हणून बोललेही त्यांना. आले, जेवले. उठताना टेबलाला धरलं आणि खाली बसले." मग त्यांनी विचारलं, "हे तुमच्यासाठी लिहिलंय?"

"चिठ्ठी मला आहे, काकू. हाक तुमची आहे."

मग मी त्यांना सत्ताविसाव्या भागाची गोष्ट सांगितली. पूर, काठावरची मुलगी, माझा घोळ, आठ सेकंद. कट्ट्याची रीत सांगितली, आणि त्या सगळ्या 'वाट बघते' कुठून आल्या तेही. मी दुसरी कुणी नव्हते हे त्यांना पटवण्याची गरज केव्हा संपली ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, पण ती संपली होती.

"म्हणजे अडीच हजार लोक माझ्या हाकेवरून उठतात," काकू म्हणाल्या.

"चार-साडेचार वर्षं."

"शेजारी म्हणतात, मी फार मोठ्याने हाक मारते." त्यांनी नाक ओढलं. "बरं, त्याखाली काय आहे? तीन चांदण्या काढल्यात नुसत्या."

मला वाटलंच होतं. तीन चांदण्या म्हणजे मास्तरांना न सुटलेली ओळ. आणि ही मालिकेतली शेवटची ओळ होती. जपानीत काम संपल्यावर एकमेकांना म्हणायचा एक शब्द आहे. त्याला आपल्याकडे सरळ शब्द नाही. त्यात दमलास हेही आहे, चांगलं केलंस हेही आणि आता पुरे हेही. आधीच्या भागांत मास्तरांनी त्याचं कधी 'चला, झालं' केलं होतं, कधी 'शाबास'. शेवटी मात्र त्यांना यातलं काहीच चाललं नव्हतं. हे मी काकूंना सांगितलं. त्यांनी माझं व्याख्यान ऐकून घेतलं आणि कामाचं विचारलं.

"ती पोरगी काय करतेय तेव्हा?"

"होडी बांधतेय. शेवटची. उद्यापासून होडी नाही."

"दमलीय?"

"पार. हात सोलवटलेत."

"आणि बाप?"

"मागे उभा आहे. तिच्याकडे बघतोय."

"मग त्यात एवढं काय अवघड आहे," काकू म्हणाल्या. "'टेक आता,' म्हणतो."

मी ते कागदावर लिहिलं आणि त्याच्याकडे बघत बसले.

"हे गिरणीतून आले की मी तेच म्हणायचे," काकू सांगत होत्या. "चपला काढायच्या आधी. टेका आता. रोजचंच आहे ते, त्यात विचारायचं काय? विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"विचारणार होते. जेवून आल्यावर."

फाइल कशी पाठवायची ते त्यांनीच विचारलं. बटण दाबून धरायचं, फाइल कट्ट्याच्या खिडकीपर्यंत ओढत आणायची, सोडायची. दोनदा वाटेत सांडली, तिसऱ्यांदा आली. माझ्याकडे टिंग वाजलं ते फोनमधून त्यांनाही ऐकू गेलं. पाठोपाठ त्यांच्या दाराची घंटा वाजली आणि काकू फोन तसाच ठेवून गेल्या. पुतण्याचा आवाज लांबून आला, मग त्यांचा, चांगला खणखणीत. शेजारी खोटं बोलत नव्हते.

"बस, चहा घे. मशीन नाही मिळायचं. काम चालू आहे अजून."

पुढचे तीन रविवार मी त्यांना टाइप करायला शिकवलं. शिकताना त्यांचा पहिला प्रश्न होता, आवाज कुठून वाढवतात. पहिल्या भागापासून त्यांनी बघायला सुरुवात केली आणि मला फोनवर तक्रारी येऊ लागल्या. मुलगी फार बारीक आहे. बाप बोलत का नाही तिच्याशी? एकविसाव्या भागातला शब्द ह्यांनी चुकीचा घेतलाय, मी वेगळा सांगितला होता. भागाच्या शेवटी जी नावं येतात त्यांत तुमचं काय घालू, असं मी विचारलं तर म्हणाल्या, माझं नाव कशाला हवंय कुणाला. मी म्हटलं, नाव कट्ट्यावर कुणाचंच नसतं, काहीतरी टोपणनाव द्या. त्यांनी एक दिवस विचार केला. चौथ्या रविवारी शेवटचा भाग गेला त्यावर लिहिलं होतं, भाषांतर: मास्तर आणि हाक.

त्या शेवटच्या ओळीची वेळ मी लावली. बाप तो शब्द एका सेकंदात म्हणतो, आणि पुढे अकरा सेकंद होडी, पाणी आणि बसलेली मुलगी. नियमाने ओळ अर्ध्या सेकंदात जायला हवी. हा नियम मी बारा वर्षं स्वतः पाळला आणि नव्या पोरांना दम देऊन पाळायला लावला. या वेळी मी 'टेक आता' तिथेच राहू दिलं, अंधार होईपर्यंत. चष्म्याने बघितलं आणि फाइल तशीच लोहाराकडे पाठवली. कट्ट्यावर मास्तर गेल्याचं आम्ही त्याच दिवशी सांगितलं. लोकांनी लांब-लांब काही लिहिलं नाही. एकाखाली एक, शेकडो ओळी, एवढंच: 'जेवून या, मास्तर.'

काकूंनी ते वाचलं की नाही मला माहीत नाही. मास्तरांच्या नावापुढचा हिरवा दिवा त्या संध्याकाळी सातपासून लागलेला होता. आठ वाजले, साडेआठ झाले, पावणेनऊ. आमच्याकडे ताटं घेतली होती. नवरा म्हणाला, चल. माझं लक्ष त्या दिव्याकडे होतं. सत्ताविसावा भाग आज लागणार, असं त्या सकाळीच म्हणाल्या होत्या. त्या घरात आता हाक मारणारं माणूस स्वतःच पडद्यापुढे बसलं होतं आणि त्यांना उठवायला कुणी नव्हतं.

मी फोन लावला. उचलायला वेळ लागला. मागे नदीचा आवाज होता.

"काकू, पावणेनऊ झाले. जेवायला चला."

नुसता पाण्याचा आवाज येत राहिला, मग तोही थांबला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि फोन बंद झाला. मी पडद्याकडे बघत राहिले. एकेक अक्षर शोधून टाइप करायला त्यांना लागतो तेवढा वेळ गेला.

'हाक आली. जेवून येते.'

नवऱ्याने माझ्या ताटावर झाकण ठेवलं. मी लिहिलं, 'या. वाट बघते.'